बशीला कुठलं ग्रहण?

भाईंदर (पूर्व),
१२ फेब्रुवारी २०२६

ती. आईंना इशिताचा नमस्कार.

सुनेचा फोन उचलायचा नाही असं तुम्ही ठरवलंच आहे, म्हणून पत्र. रोह्याच्या मावशींचा गुडघा कसा आहे? इथे यतीनला सर्दी झालीय, बाकी ठीक. शेजारच्या हंसाबेन रोज विचारतात, "सासूजी कब आ रही है?" मी "आ जाएंगी" म्हणून वेळ मारून नेते.

साहिलचं रक्त संशोधनासाठी दिलं होतं, त्याचं काल कळलं. त्या रक्तातल्या पेशींना मागे फिरवून त्यांनी अगदी सुरुवातीच्या पेशी केल्या, आणि त्यांच्यापासून काचेच्या बशीत मेंदूसारखे मसुरीएवढे गोळे वाढवले. मी आपली वेंधळी, विचारलं, "मग हा मेंदू साहिलला बसवणार का?" तिथल्या संशोधक अंबिका मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही हो, हा काही खरा मेंदू नाही. साहिलचा मेंदू लहान का राहिला, तेवढंच यात बघतोय."

आई, ते गोळेही लहानच राहिले. मग एका जनुकातली चूक दुरुस्त करून नवे वाढवले, तर ते नीट वाढले. ही चूक माझ्यात नाही, यतीनमध्ये नाही. गर्भ राहतानाच आपोआप झालेली.

आता स्पष्टच लिहिते. साहिल पोटात असताना, दिवाळीत, ग्रहण सुटलं समजून तुम्ही मला विळीवर पडवळ चिरायला बसवलंत, आणि ते सुटलं नव्हतं. तो झाल्यापासून तुम्ही त्याची लांबूनच दृष्ट काढता, मांडीवर घेत नाही. शेवटी मावशींचं निमित्त काढून गेलात. तुम्ही स्वतःलाच दोष देताय, हे आम्हाला काय दिसत नव्हतं? पण त्या बशीला कुठलं ग्रहण लागलं होतं? मी मॅडमसमोरच रडले. बाहेर येऊन दोन वडापाव खाल्ले.

साहिल यातून बरा होणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. औषधाचं आज काहीच खरं नाही. तरी मला मोकळं वाटतंय, खोटं कशाला बोलू.

अजून एक. हे कळेपर्यंत सांगायचा धीर होत नव्हता. पुन्हा तसंच होण्याची शक्यता फारच कमी आहे म्हणाल्या. मला तिसरा महिना लागलाय.

साहिल आताच माझ्या मांडीवर मावत नाही, पुढे तर मला मांडीच उरणार नाही. रविवारी यतीन तुम्हाला न्यायला येतोय. त्याला रिकाम्या हाताने पाठवू नका.

तुमची, दोन्ही नातवंडांसकट,
इशिता