विहारातल्या विहिरीचा गाळ

२७ एप्रिल ८६, रविवार
वंदना झाल्यावर विहारात बैठक. बुद्धपौर्णिमेच्या आत आवार साफ करायचं, भिंतींना चुना द्यायचा, घरटी एक माणूस. मग विहिरीची गोष्ट निघाली आणि सगळे खाली पाहू लागले. मारोती गवंडी म्हणाला, बुजवून टाकू, फुलझाडं लावू. गेल्या पोळ्याच्या आधी आमची लेक शोभा तिच्यात बुडून गेली, तेव्हापासून कोणी पाणी भरत नाही.
मी उठून म्हणालो, बुजवू नका. गाळ काढू. मी पण येतो.
गोदाआजी म्हणाल्या, मोठ्या मनाचा माणूस आहे. घरी येईपर्यंत ते शब्द टोचत होते.

२८ एप्रिल
गाळ काढू म्हणण्याचं खरं कारण इथंच लिहितो. पोलिसांच्या कागदावर 'पाय घसरून' असं आहे. शोभाची माय म्हणते, पोरगी बादली घेऊन पाण्याला गेली होती. बादली तेव्हापासून घरात नाही हे खरं. पण विहिरीच्या काठावरही नव्हती, आणि पुढे आठ दिवस घर माणसांनी भरलेलं, कुठलं भांडं कुठं गेलं कोणाला ठाऊक.
त्या दिवशी सकाळी चहा घेताना मी शोभाला म्हणालो होतो, बाई, दोन महिने झाले, लोक विचारून राहिले. सोमवारी सासरी लोधीखेड्याला सोडून देतो. तिथं तिला काय सोसावं लागतं ते मला माहीत होतं. ती 'बरं' म्हणाली. कप धुऊन ठेवला.
बादली गाळात असेल तर ती पाण्यालाच गेली होती. नसेल तर माझं बोलणं ऐकून ती

४ मे, रविवार
जकात नाक्यावरची माझी ड्युटी बदलून घेतली. एका बागवाल्याने इंजिन दिलं, दुपारपर्यंत पाणी उपसलं. आत हवा आहे का म्हणून आधी कंदील सोडून पाहिला, विझला नाही, मग मारोती उतरला. आत चौघं, चाकावर सहा, बाकीचे टोपल्या वाहायला. मी चाकावर. मारोती खालून ओरडतो, "वर काय भजन करून राहिले का? ओढा ना!" पुष्कळ दिवसांनी आवारात हसणं ऐकलं. मीही हसलो असेन. मग लाज वाटली.
ठरलं असं की गाळात सापडेल ते ओट्यावर मांडायचं, ज्याचं त्यानं ओळखून न्यावं. पहिल्याच दिवशी गोदाआजींचा पितळी लोटा निघाला. बारा वर्षांपूर्वी त्यांनी जावेवर चोरीचा आळ घेतला होता. जाऊ वारली त्याला चार वर्षं झाली. आजी लोटा मांडीवर घेऊन बसून राहिल्या. घरी चला म्हटलं तर उठेनात.

११ मे, रविवार
दोन बादल्या निघाल्या. एक पत्र्याची, बूड नसलेली. एक तांब्याची, ती लगेच ओळखली गेली. आमची नाही. आमच्या लोखंडी बादलीचा एक कान तुटला होता. मी त्याखाली खिळ्याने भोक पाडून कडी तारेने बांधली होती.
प्रत्येक टोपली मीच रिकामी करतो. कोणी अडवत नाही. मी काय शोधतो ते सगळ्यांना कळलं असावं.
शोभाची माय विहिरीकडे फिरकली नाही. संध्याकाळी माझे हात पाहिले, खोबरेल तेल आणून ठेवलं. 

१८ मे, रविवार
लोखंडी बादली सापडली. कडी नाही, गंजलेली, चिखलाने भरलेली. मी ओट्यावर घेऊन बसलो, अंगठ्याने चिखल काढत. दोन्ही कान साबूत. भोक नाही.
कोणी निरोप दिला कोण जाणे, शोभाची माय आली. बाया बाजूला झाल्या. तिने बादली हातात घेतली, फिरवून पाहिली. म्हणाली, "हे आपलीच हाय. पाण्यालेच गेली होती माही पोरगी."
मग माझ्याकडे पाहिलं. "हाय ना?"
मी "हाव" म्हणालो. बाया रडू लागल्या.
संध्याकाळी पंचशील म्हणताना चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, आवाज निघाला नाही.

२० मे
शोभाच्या मायने बादली चिंचेने, राखेने घासली. नवी कडी बसवून आणली. मोरीत ठेवली आहे. त्याच बादलीतलं पाणी मला आंघोळीला काढून देते.
विचार करतो आहे. आमच्या बादलीने रोज पाणी शोभाची मायच भरायची. तारेने बोट कापलं म्हणून एकदा मला बोललीही होती. या बादलीचे दोन्ही साबूत कान तिला दिसले नसतील असं होत नाही. आणि त्या सकाळी चहा तिनेच केला होता. माझं बोलणं तिने ऐकलं होतं.
नऊ महिन्यांत तिने तो विषय एकदाही काढला नाही.

२१ मे
पौर्णिमा परवा. संध्याकाळी मारोती आला. म्हणाला, रविवारी झरा फुटला म्हणून आपण थांबलो, पण पूर्वेच्या खडकाखाली हातभर गाळ राहिला आहे. इंजिन उद्यापर्यंत आहे. बाया पाण्यासाठी खोळंबल्या आहेत, पण एक दिवस थांबतील.
"दादा, तू म्हणशील तर उद्या उतरतो. नाई म्हणशील तर दोर गुंडाळतो. कोणी काई विचारणार नाई."
म्हणजे ती बादली आमची नाही हे त्यालाही माहीत आहे.
उतर म्हटलं तर इंजिनाचा आवाज घरापर्यंत येतो. मी 'हाव' खोटं म्हणालो होतो हे तिला कळेल. नको म्हटलं तर ते खडकाखालचं जन्मभर तिथंच राहील, आणि आम्ही वरून त्याच विहिरीचं पाणी पीत राहू.
सकाळी सांगतो म्हणालो.
शोभाची माय समोर खिरीचे तांदूळ निवडून राहिली आहे. आत्ता वर न पाहता विचारलं, "मारोती काहून आला होता?"
मी लिहितोच आहे. तिचा हात सुपात थांबला आहे.