चहाची पाळी

सोम. ४ मार्च १३
बहिणीच्या पोरीला, सुमीला, सुधारगृहातून आणलं. अठरा पुरी झाली. बीड ते केज एसटीत खिडकीपाशी बसून सारखी हसायची. मीपण हसले. लई दिवसांनी. गावात पाणी न्हाई, म्हणून सरळ चारा छावणीत, आमच्या दोन म्हशींपाशी.

मंगळ. ५
सुमीनं चहा केला. घेतला न्हाई. म्हटलं पित्त झालंय. खोटं. तिच्या सावत्र बापानं दागिन्यापायी तीन बायका मारल्या. गुंगीचा चहा हिच्या हातानं. पंधराची होती. एकदाच विचारलं, तुला माहीत होतं का गं. म्हणाली, "पहिल्या बाईच्या येळी न्हाई. मग होतं."
मी म्हशींना पाणी दाखवायला गेले.

गुरु. ७
सुमी शेण काढते, गाणी म्हणते. म्हशी हिच्याच मागं. मला विचारीत न्हाईत मेल्या.
आमच्या बायकांच्या दूध संस्थेत सकाळी दूध घालताना एकीनं सगळ्यांना चहा करायचा. दूध सगळ्यांचं थोडं थोडं. उद्या माझी पाळी. संस्थेतली कमल म्हणाली, "पोरीचा हात लागू देऊ नको." म्हटलं, तीच करणार. प्या न्हाईतर नका पिऊ. रागात बोलून बसले. न्हाई प्याल्या तर हिला छावणीत राहू देणार न्हाईत. माझं तोंड म्हणजे...

शुक्र. ८
चहा फाटला. पातेल्यात पांढऱ्या गुठळ्या. कप वाटल्यावर दिसलं. सगळ्या पोरीकडं बघायला लागल्या. सुमीनं माझा पदर धरला. "मावशी, मी काई टाकलं न्हाई."
आमची चेअरमन शेवंताबाई, सत्तरीची, पदर सावरत म्हणाली, "तू कशाला टाकशील. माझं दूध हाय. रात्रीचं उरलेलं सकाळच्यात मिसळलं."
कमल म्हणाली, "मंजे परवा डेअरीतनं दुधाचा कॅन परत आला तो तुमच्यापायी?"
"तोबी माझ्याच पायी." आन फाटका चहा एका दमात प्याली. "साखर लई गं पोरी."
अशा हसल्या बाया, जनावरं दावणीला दचकली. एकेक करून बाया प्याल्या.
बघते तर माझा सोताचाच कप भरलेला. प्याले. नुसता पाक. दुसरा मागितला.
कमलनं आपला कप मातीत ओतला. सुमीनं बघितलं.

शनि. ९
शेवंताबाईला शिक्षा, आठ दिवस चहा तिनं करायचा. म्हणते, करीन, पण हाताखाली सुमी पायजे.
सुमी उजाडताच कप घासत बसली, गाणं म्हणत. कमलचा कप दोनदा घासला, सगळ्यात पुढं ठेवला.
कमल आपली दुधाची चरवी घेऊन येतीय. बघू.