टाकीच्या आतला पाइप

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गाडीबद्दल बोलायला मला अजून दुसरं कुणी सापडत नाही. जुनी टर्बो गाडी घेतलीय मी. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला असली गाडी कशाला, असं स्टाफरूममध्ये विचारतात. तुम्ही विचारलं नसतं. आधी बॉनेट उघडून वाकला असतात.

आधीच्या मालकाने टर्बो मोठा बसवला होता, पण पेट्रोलचा पंप जुनाच ठेवला होता. हवा भरपूर, पेट्रोल कमी. जोर लावला की इंजिन आतून खडखडायचं. तसंच चालवलं असतं तर पिस्टन गेले असते. सगळं नवं घेणं परवडणारं नव्हतं. मग तुमच्यासारखंच केलं. इंजेक्टर न बदलता साफ करून, तपासून आणले. पंपाची बारीक वायर काढून जाड टाकली. दुसऱ्या गाडीतून निघालेला मोठा पंप घेतला आणि तुम्ही करायचात तशी बाटली धरून, घड्याळ लावून, मिनिटाला किती पेट्रोल येतं ते मोजलं. बाटली भरताना बघून एकटीच हसले.

राहिला वीतभर पाइप. टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडून राहणारा पाइप वेगळा असतो. तो महाग, शिवाय मागवावा लागणार होता, आणि मला रविवारीच गाडी पळवायची होती. इथल्या दुकानदाराने साधा पाइप कापण्याआधी विचारलं, "मॅडम, टाकीच्या आत टाकाचा का बाहेर? आत हा टिकत नाही."

"बाहेर," मी म्हणाले.

तोच पाइप टाकीच्या आत बसवला. दोन रविवार गाडी झकास पळाली. तिसऱ्या रविवारी जळगाव जामोदच्या रस्त्यावर हे शेजारी बसलेले, पुढे कापसाचा ट्रक. मी उजवीकडून काढली, पाय दाबला, गाडी उसळली, आणि ट्रकच्या बरोबरीला येते न येते तोच इंजिन बंद पडलं. समोरून एसटी येत होती. ट्रकवाल्याने कचकन ब्रेक मारला म्हणून उरल्या वेगावर मी त्याच्या पुढे घुसू शकले. तो उतरून आला. "काऊन हो बाई, मराले निंगाल्या काय?" डॅशबोर्ड धरलेले हात सोडायला ह्यांना किती वेळ लागला!

गाडी ओढून घरी आणली, टाकीतून पंप काढला. पाइप फुगून मऊ पडला होता आणि उभा फाटला होता. हे बघत होते. म्हणाले, "असं कसं झालं?"

"दुकानदाराने चुकीचा पाइप दिला," मी म्हणाले. इतक्या सहज, की मलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटतेय आणि हे स्वयंपाकघराच्या दारात उभे. "चांगला झापला त्याले, चार गिऱ्हाईकांसमोर. म्हणे, मॅडमले विचारा. म्या म्हटलं, तिले काय विचारू? मेकॅनिकची पोरगी हाय ते!"

पोळी करपली.

बाबा, पिंपळगाव राजाच्या त्या माणसाची जीप आठवते? डिझेलच्या पाइपाचा नट मी आवळला होता, हट्टाने, पाना तुमच्या हातातून ओढून घेऊन. तो सैल राहिला आणि जीप भर उन्हात शेताच्या रस्त्यावर बंद पडली. तुम्ही मला स्कूटरवर बसवून त्याच्या घरी नेलंत. अंगणात त्याचे सगळे भाऊ उभे, आणि तुम्ही म्हणालात, "चूक माह्यी हाय." परतताना मी रडत विचारलं, "माह्यं नाव काऊन नाही सांगतलं?" स्कूटर चालवता चालवता तुम्ही म्हणालात, "पोरी, पाहून घ्याचं काम माह्यं होतं." तेव्हा मला तुमची लाज वाटली होती. माणसाने इतकं वाकू नये, असं वाटलं होतं.

योग्य पाइप मी बाहेरगावाहून मागवला, त्या दुकानात जावं लागू नये म्हणून. गाडी आता अशी पळते की तुम्ही खूश झाला असतात. मीच कुठे टिकत नाही. वर्गात खडू हातात घेऊन उभी राहते आणि काय लिहायचं होतं ते विसरते. हे पत्रही तिसऱ्यांदा लिहितेय. आधीची दोन फाडली. हे फाडणार नाही, पण टाकणार तरी कुठे?

आज शाळेतून येताना त्या दुकानासमोर गाडी थांबवली. आत गिऱ्हाईक नव्हतं. दुकानदार स्वतःच बाहेर आला, काचेशी वाकला. "बोला मॅडम, काय पाहिजे?"

मी वायपरची रबरं मागितली. माझे वायपर चांगले आहेत, बाबा.