शिकारपूरचं सूत

अमां, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी या गल्लीत अजून तुमचाच हुकूम चालतो. ताहिरीच्या गोड भातात साखर किती घालायची, पूजेचा बहराणा आधी कोणी उचलायचा, असं काहीही अडलं की जरीपटक्यातल्या बायका माझ्याकडे येतात आणि मी तुमचं नाव घेऊन निकाल देते. सक्करदऱ्याच्या कोष्ट्याची पोरगी सिंध्यांची पंच होऊन बसली आहे, हसा तुम्ही. पण आज दुपारी तुमच्या धाकट्या जावेची नात आली होती. अमेरिकेत असते. तिकडे आपल्या लोकांची बरीच घरं आहेत म्हणे, नव्या वर्षाच्या चेटीचंडला सगळे एखादा हॉल भाड्यानं घेतात, आणि पोरांना काहीच माहीत नाही म्हणून यंदा सगळं अगदी सिंधमधल्या शिकारपूरसारखं करायचं त्यांनी ठरवलंय. "आंटी, मला असली तेवढंच सांगा. इथं नागपुरात येऊन जे मिसळलं ते नको," ती म्हणाली. आणि लगेच विचारलं, कलशाला हे पांढरं सूत काहून बांधतात? मी म्हटलं, उद्या ये, गॅसवर भाजी आहे. भाजीबिजी काही नव्हती. मला विचार करायला वेळ पाहिजे होता.

तुमच्या घरात मी सून म्हणून आले ते बांगलादेशाच्या लढाईनंतरच्या वर्षी. तुमचा मुलगा दुकानासाठी लुगडी घ्यायला माझ्या बापाकडे यायचा, आणि लुगडी पाहता पाहता त्याची नजर भलतीकडे गेली. दोन्ही घरांत बोंबाबोंब झाली. माझी आई पहिल्यांदा तुमच्याकडे आली तेव्हा तुम्ही तुमच्या रीतीनं पाण्याबरोबर भाजलेला पापड पुढे केला. आईला वाटलं, हाच पाहुणचार. घरी जाऊन बाबाला म्हणाली, "पोरगी दिली अन् त्याइनं पापडावर वाटे लावलं." तुमच्याकडची माणसं तर उघडच बोलायची. घरदार, शेतीवाडी, नदी, सगळं फाळणीत तिकडे सोडून आलो, चार रीती तेवढ्या जपून आणल्या, त्याही आता ही मराठण बुडवणार. तुमची धाकटी जाऊ हे माझ्या तोंडावर बोलायची. तुम्ही गप्प राहायच्या, आणि तुमच्या गप्प राहण्याचीच मला जास्त भीती वाटायची.

मग पहिलं चेटीचंड आलं. त्या वर्षी गल्लीचा बहराणा आपल्या घरून निघायचा होता. मला काय ठाऊक तेव्हा बहराणा म्हणजे काय ते? तुम्ही परातीपुढे बसवून शिकवलंत. कणकेचा दिवा, खडीसाखर, वेलची, फळं, मागे कलश, त्यावर नारळ आणि नारळावर कापड. हे सगळं तुमच्या झुलेलाल देवाचं, नाचत-गात पाण्यावर न्यायचं. तिकडे सिंधू होती, इथं तळं. तुम्ही दिवा मळायला बसलात आणि मला म्हणालात, "कलशाचं कापड तू बांध." एवढंच. कशानं बांधायचं, कसं बांधायचं, काही सांगितलं नाही. मला वाटलं, त्यात काय सांगायचं? आदल्याच दिवशी पाडवा होता. तुमच्या परवानगीनं मी अंगणात गुढी उभारली होती, आणि गुढीचं कापड आमच्याकडे मागावरच्या कोऱ्या सुतानं बांधतात. खळ लावलेलं पांढरं सूत, वेढ्यावर वेढे द्यायचे, गाठ मारायची नाही, शेवटचं टोक आतल्या आत खोचायचं. बाबा म्हणायचा, गाठ पडली का काम अडते. उरलेली लडी हाताशीच होती. माझ्या हातानं जे येत होतं तेच केलं, आणि मोठ्या अभिमानानं कलश परातीत ठेवला.

बाहेर ढोल वाजायला लागला होता. बायका बहराणा उचलायला आत आल्या आणि तुमच्या जावेची नजर थेट कलशावर गेली. "लाल धागा कुठं हाय? हे पांढरं काय गुंडाळलं? गाठ बी नाही." सगळ्या कलशाकडे वळल्या. "मी म्हणत होती ना," ती म्हणाली, "बाहेरची पोरगी आणली का असंच होते. सोड ते, आताच्या आता सोड." आज इथं चुकले तर या घरात मी जन्मभर बाहेरचीच, हे मला अगदी स्वच्छ कळत होतं. मी सूत सोडायला वाकले. तेवढ्यात तुम्ही कणकेचे हात पदराला पुसत उठलात, कलश पाहिलात, एक वेढा बोटानं दाबून पाहिलात, आणि भाजीबाजारात शिकलेल्या तुमच्या त्या नागपुरी मराठीत, मुद्दाम मलाही कळावं म्हणून बोललात. "राहू दे वं. शिकारपुरात असंच बांधत होते. पांढऱ्या सुतानंच." जाऊ म्हणाली, "मले तर आठवत नाही." तुम्ही म्हणालात, "तुले कसं आठवन? तू तवा फ्रॉकात होती." त्या खोलीत शिकारपुरात संसार केलेल्या तुम्ही एकट्याच होतात. कोण उलट बोलणार? बहराणा उचलला गेला आणि मी तुमच्या मागे मागे चालत राहिले. तळ्यापर्यंत मला रडूच आवरेना, आणि बायकांना वाटलं, मराठणीला झुलेलाल पावला.

पुढच्या वर्षीची गंमत तुम्हाला मी किती वेळा ऐकवली आणि तुम्ही प्रत्येक वेळी नव्यानं हसलात. पाडव्याच्या सकाळी तुमची जाऊ स्वतः दारात. "थोडं सूत असन तर दे वं. मलेही आता आठवून राहिलं, आमच्या अंगणात असंच बांधत होते." मग शेजारीण आली, मग तिची बहीण. मी सक्करदऱ्याला निरोप धाडला. बाबाचा आधी विश्वासच बसेना. "सिंध्याइच्या देवाले माह्यं सूत? खरं सांगतं का वं?" मग मात्र दरवर्षी पाडव्याच्या आधी त्यानं वेगळी लडी काढायची, खळ स्वतः लावायची, सावलीत वाळवायची आणि सायकलला अडकवून एवढ्या लांब जरीपटक्याला आणून द्यायची. तुम्ही त्याला खाटेवर बसवून पापड आणि पाणी द्यायच्या. माझा बाप पापड खाऊन मिशा पुसायचा आणि म्हणायचा, "बाई, तुमच्या गावचे लोक मोठे जाणते. सूत वळखत होते." आणि तुम्ही, अमां, शांतपणे मान हलवायच्या.

एकदा मी तुम्हाला विचारलंच. दुपारी आपण दोघी गच्चीवर पापड वाळत घालत होतो. म्हटलं, अमां, खरं सांगा, शिकारपुरात पांढरं सूत बांधत होते का? तुम्ही पापड उलटवत राहिलात. म्हणालात, "झुलेलालनं तुले काही म्हणलं का?" मी म्हटलं, नाही. "तळ्यानं काही म्हणलं?" नाही. "मंग तू काहून विचारून राहिली?" तिथं विषय संपला. त्या दिवशी मला तुमची इतकी माया आली की मी तुमच्या हातातला पापड काढून घेतला आणि तुम्हाला सावलीत बसवलं. आईवर जीव असतोच माणसाचा, तो काही ठरवून लागत नाही. तुमच्यावर मी त्या दुपारी बघून-समजून जीव लावला.

उद्या ती पोरगी परत येईल. हुशार आहे, मनापासून विचारते, आणि तिला असली पाहिजे. तुमच्या वयाचं आता कोणी उरलं नाही, तिची आजीही गेली, मरेपर्यंत कलशाला सूत बांधत गेली. म्हणजे शिकारपुरात काय होतं आणि काय नव्हतं ते ठरवणारी आता मीच, जिनं शिकारपूर नकाशातसुद्धा नीट पाहिलं नाही. खरं काय ते सांगावं असं एकदा मनात आलं. मग म्हटलं, कशाला? तुम्ही दिलेला निकाल मी कोण फिरवणार? तिच्या हातात लडी ठेवीन, गाठ न मारता टोक कसं खोचायचं ते दाखवीन आणि तुमच्यासारखीच सांगेन, शिकारपुरात असंच बांधत होते. हे लिहायला मला संकोच नाही, कारण हा कागद पोस्टात टाकायचाच नाही. आणि टाकला असता तरी तुम्हाला कुठं मराठी वाचता येत होतं? तुमची सिंधी अक्षरं उजवीकडून चालायची.

तेव्हा एक गोष्ट इथं बोलून टाकते. हे मी तुमची अब्रू राखायला करत नाही, अमां, आणि सिंधसाठी तर नाहीच. तुमच्यामागोमाग बाबा गेला, माग मोडून सरपणात गेले, भाऊ दुसऱ्या कामाला लागले. मागच्या पाडव्याला माहेरी गेले तर दाराला बाजारातली तयार गुढी लटकत होती, वीतभर, शिवलेली. भाच्यांना सुताचं विचारलं तर त्यांनी मलाच विचारलं, कसलं सूत? माझ्या बापाचं ते बांधणं आता फक्त तुमच्या लोकांच्या हातात उरलं आहे, आणि उद्या मी खरं सांगितलं तर ती पोरगी तेही काढून टाकेल.