राजवैद्याची सावली

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या कादंबरीचा सतरावा भाग हातात पडला आणि मी सरळ कामाला दांडी मारली. दुकानात एका आजोबांची कवळी अर्धवट घासून पडली आहे. ते बिचारे घरी दुधात पाव बुडवून खात माझ्या नावाने खडे फोडत असतील. दोष मात्र तुझ्या सरदाराचा. तीनशे वर्षं झाली तरी ह्या गृहस्थाचा एक दात हलत नाही. सगळेच असे रक्तपिपासू निघाले तर आम्ही कवळ्या बनवणाऱ्यांनी खायचं काय?

आमच्या गल्लीतल्या वाचनालयात पुस्तक टेबलावर ठरत नाही. ग्रंथपालबाईंच्या मते आजवरच्या सगळ्या भागांत हा उजवा. इतिहासाचे निवृत्त मास्तर म्हणतात की त्या काळी दरबारात लंबकाचं घड्याळ असणं शक्यच नाही, आणि जिला घड्याळ कळत नाही तिने इतिहासाच्या वाटेला जाऊ नये. कोपऱ्यावरच्या न्हाव्याचं म्हणणं, सरदार हल्ली बोलतो फार आणि चावतो कमी. वय झालं, दुसरं काय.

पण खरी जुंपली आहे ती राजवैद्यावरून. नवव्या भागात तू त्याला तापाने मारलंस. सरदार त्याच्या उशाशी बसून राहतो, तो प्रसंग वाचून मी ढसाढसा रडलो होतो. आणि इथे तोच राजवैद्य दार ढकलून आत येतो, कोमट पाणी मागतो आणि राणीची नाडी बघायला बसतो. कोणी दचकतसुद्धा नाही. अर्धे वाचक म्हणतात, काय डोकं चालवलंय बाईंनी! अर्धे म्हणतात, चूक आहे. मी मधल्यामध्ये लोंबकळतोय. कारण तुझ्याच नियमाप्रमाणे सरदाराने परत आणलेल्या माणसाची सावली पडत नाही, आणि ह्या वैद्याची सावली तर चांगली भिंतभर पडली आहे.

इतकी वर्षं प्रत्येक हस्तलिखित छापायच्या आधी माझ्याकडे यायचं. कोण मेलं आणि कोण जिवंत, हे खातं माझं. मी तुझ्या भाषेवर तोंड उघडायचं नाही आणि तू मेलेल्यांवरून माझ्याशी वाद घालायचा नाही, असा आपला तह. यंदा प्रकाशकांना घाई होती म्हणून तू परस्पर पाठवलंस, त्याचा राग नाही. थोडा आहे. फक्त हा वैद्य कुठून उगवला तेवढं कळव.

टिटवीला आशीर्वाद. लोभ आहे, तो अठराव्या भागापर्यंत तरी आटू देऊ नकोस.

तुझा,
चिमट्या


९ फेब्रुवारी

चि. चिमट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसावं की तुझा कान पिळावा, ते कळेना. वैद्य कुठून उगवला म्हणे! मेलेली माणसं परत येणं हाच ज्या पुस्तकांचा धंदा, त्यात एक म्हातारा परत आला तर तुझ्या का पोटात दुखावं? सावली मी मुद्दाम ठेवली आहे. पुढे कळेल. लेखकाने काय पानोपानी जबाब देत बसायचं? मास्तरांना माझा निरोप सांग की घड्याळ काढून टाकते, वेळ सांगायला तुम्ही दरबारात उभे राहा.

वाचकांच्या पत्रांचा ढीग झाला आहे. एक परिचारिका लिहिते, वैद्य आत आला तेव्हा तिच्या हातातून कप पडला. इतकी धीट कल्पना तिने कुठे वाचली नव्हती. एका गृहस्थांची बायको गेल्या वर्षी गेली. ते लिहितात की वैद्य कोमट पाणी मागतो ते पान त्यांनी परत परत वाचलं, कारण गेलेलं माणूस परत आलंच तर असंच काहीतरी साधं मागेल. हे पत्र मी उशाशी ठेवलं आहे. तुझ्या न्हाव्याला काय कळतंय.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात प्रकाशक करार घेऊन येणार आहेत. आणखी तीन भाग हवेत त्यांना. साखर पेरत म्हणाले, तुम्हाला दगदग होत असेल तर आमच्याकडे एक हुशार तरुण आहे, तुम्ही नुसतं सांगा, लिहील तो, नाव तुमचंच राहील. मी म्हटलं, सरदाराला जन्म मी दिला, मूठमातीही मीच देणार. त्याला एका सकाळी उजेडात नेऊन संपवायचं आहे मला. कसं, ते बरीच वर्षं डोक्यात आहे. ते शेवटचं वाक्य माझ्या हातचं पडलं पाहिजे. त्याखेरीज मला आता कशाचीच हाव नाही.

टिटवी हल्ली उठसूट येते. आपल्या तलावावर पोरांना पोहायला शिकवायचं सोडून माझ्या स्वयंपाकघरात डबे उघडून बघते. लेक आहे की झडतीवाली, कोण जाणे.

आईला सांग, गुडघ्याला तेल लावायचा आळस करू नकोस, आणि पट्टा बांधल्याशिवाय जिना उतरू नकोस. मोठ्यांना नमस्कार, दुकानातल्या समस्त दातांना आशीर्वाद.

तुझी,
ताई


१३ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या आईच्या हाती पडू देऊ नकोस, म्हणून तलावाच्या पत्त्यावर पाठवतो आहे.

काल ताईचं पत्र आलं. नेहमीसारखं खणखणीत, माझी सालटी काढणारं. वाचताना मी हसत होतो. आणि शेवटी लिहिलंय, आईला सांग, गुडघ्याला तेल लाव. टिटवे, तुझी आजी जाऊन चार वर्षं होत आली. शेवटच्या क्षणी तिचा हात ताईच्या हातात होता, माझ्या नव्हे. मी औषध आणायला गेलो होतो.

आधी वाटलं, थट्टा असेल. पण ताई सगळ्या जगाची थट्टा करील, आईच्या जाण्याची करणार नाही. मग एकदम राजवैद्याचा उलगडा झाला. लोक ज्याला धीट कल्पना म्हणतात, ती कल्पना नाहीच. तो मेल्याचं ती विसरली आहे.

तुला काही दिसलंय का? हातचं राखून लिहू नकोस.

आणि मला तिला उत्तर धाडायचं आहे. सोळा भागांत तिने चुकून कोणाला उठवलं की मी समासात लाल पेन्सिलीने एकच शब्द लिहायचो, मेला किंवा मेली. कधी हात अडखळला नाही. काल कागद पुढे घेऊन बसलो, तर तो शब्द काही केल्या उतरेना. समोर कवळीचा साचा ठेवला होता, तो हसतोय असं वाटायला लागलं म्हणून पालथा घातला.

काय लिहू ते तू सांग.

तुझा,
मामा


१८ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तू विचारलंस आणि माझा बांध फुटला. कपडे बदलायच्या खोलीत बसून लिहिते आहे, बाहेर पोरं पाण्यात दंगा करताहेत, त्यामुळे अक्षर चालवून घे.

डबे मी उगाच उघडत नाही. पिठाच्या डब्यामागे मला किटली सापडली, तळ जळून काळा झालेला. आईने ती लपवून तशीच दुसरी आणली आहे आणि विचारलं तर म्हणते, कसली किटली? प्रकाशकांची गोष्ट तिने एका बैठकीत मला पुन्हा पुन्हा सांगितली, दर वेळी तितक्याच त्वेषाने. अठराव्या भागाचं पहिलं प्रकरण मी चोरून वाचलं. मामा, लिहिलंय सुरेख, अंगावर काटा येतो. पण राणीचं नाव मध्येच बदलतं आणि परत पहिलं होतं.

डॉक्टरांचं नाव काढलं तर तिने मला जिन्यापर्यंत पिटाळलं. म्हणाली, मला वेडी ठरवून माझा सरदार त्या हुशार तरुणाच्या मांडीवर द्यायचा बेत दिसतो तुमचा. तिची भीती खोटी नाही. प्रकाशकांना नुसती कुणकुण लागू दे, दुसऱ्या दिवशी तो तरुण येऊन तिच्या खुर्चीत बसेल. पुस्तकं निघत राहतील, वर नाव तिचं, आणि आतलं एक वाक्य तिचं नसेल. मग आई कशासाठी सकाळी उठेल, मला सांग.

म्हणून पाया पडते, आजीचं काही लिहू नकोस. प्रकाशक येऊन गेले की डोळे तपासायच्या निमित्ताने मी तिला बाहेर काढते आणि तिथूनच डॉक्टरांकडे नेते. करारही तोवर मार्गी लागेल. तेवढे दिवस गोड बोलून वेळ मारून ने. तिला धक्का बसला तर मी एकटी तिला सावरू शकणार नाही.

जमेल ना? मला हल्ली पाण्याबाहेरच दम लागतो.

तुझी,
टिटवी


२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वैद्याचं पटलं बुवा. मी पडलो दातांचा माणूस, मला तुझ्या कल्पनांची खोली काय कळणार! मास्तर मात्र मागे हटत नाहीत. तुझा निरोप दिला तर म्हणाले, दरबारात उभं राहायला तयार आहे, पण सरदाराला माझ्यापासून चार हात लांब ठेवायला सांगा. ग्रंथपालबाईंनी अठराव्या भागासाठी आत्तापासून नावं नोंदवून घ्यायला सुरुवात केली आहे.

आईचा गुडघा आता बरा आहे. तेल लावते, पट्टाही बांधते. तुझी आठवण काढत असते.

करार नीट वाचून सही कर. डोळ्यांना त्रास होत असेल तर टिटवीबरोबर जाऊन तपासून ये, हट्ट करू नकोस. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा,
चिमट्या


६ मार्च

चि. चिमट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि जीव भांड्यात पडला. आईचा गुडघा बरा आहे म्हटल्यावर मी तिच्यासाठी लोकरीचे मोजे घेऊन आले. पुडक्याला दोरा हवा म्हणून कपाटाचा खालचा कप्पा उघडला. आत आईचा गुडघ्याचा पट्टा होता. बक्कल अजून तिच्या नेहमीच्या भोकात अडकलेलं. मीच तो बक्कल न सोडता तिच्या पायावरून सरकवून काढला होता, त्या दिवशी, आणि कोणाला देववेना म्हणून पिशवीत घालून घरी आणला होता.

मी तिथेच फरशीवर बसले. आई दुसऱ्यांदा गेली रे माझी. आणि ह्या खेपेला आजूबाजूला कोणीच नव्हतं.

बरंच रडून झाल्यावर तुझं पत्र परत वाचलं, आणि तेव्हा खरी घाबरले. पाचव्या भागात सरदाराचा घोडा मेला होता. सातव्यात मी चुकून त्याला दाणा घातला, तर तू समासात मेला असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्यास. एका घोड्याची तू गय केली नाहीस. आणि मी आपल्या आईला जिवंत केलं, तर तू तिच्या गुडघ्याला तेल लावून मोकळा झालास. माझी गत काय झाली आहे, ते मला तिथे कळलं. त्यापुढे डॉक्टर वेगळं काय सांगणार आहेत?

वैद्यही मी विसरले होते. सावली मुद्दाम ठेवली वगैरे सगळं थोतांड. लोकांनी शिव्या घातल्या असत्या तर मी भांडले असते, त्यात काय. पण कौतुकाचं एकेक पत्र आलं की मी जुनी टिपणं उपसत बसायचे, कारण ती धीट कल्पना मला कधी सुचली ते काही केल्या आठवत नव्हतं. त्या बायको गेलेल्या गृहस्थांना काय उत्तर लिहू, अजून कळत नाही.

टिटवीला सांगितलं, डोळ्यांचं सोंग पुरे, सरळ डॉक्टरांकडे चल. सोमवारी जातो आहोत. तिच्यावर चिडू नकोस, पोर वाळून गेली आहे माझ्यापायी. प्रकाशक काल येऊन गेले. मी तीन भागांच्या करारावर सही केली नाही. म्हटलं, मला विसरायला होतंय, तेव्हा एकच भाग, शेवटचा, आणि तो मी लिहीन. तुमच्या तरुणाने हवं तर माझा चहा करावा. त्यांनी करार पिशवीत घातला आणि विचार करून कळवतो म्हणाले. कळवोत बापडे. तोवर मी लिहिते.

सोबत नव्याने लिहिलेलं पहिलं प्रकरण आहे. सरदार दिवस मावळल्यावर उठून आपल्या राजवैद्याला हाक मारत महालभर फिरतो, आणि तो केव्हाच गेला हे कोणीतरी सरदाराला सांगायला हवं असतं. राणीला धीर होत नाही, नोकरांना होत नाही. सांगणार कोण, ते मला अजून ठरवायचं आहे. ज्याचा त्याच्यावर जीव आहे अशानेच सांगावं असं वाटतं. तू लाल पेन्सिलीला टोक कर. मला गोड बोलणारे पुष्कळ आहेत, चिमट्या. मेलेल्याला मेला म्हणणारा तू एकटा होतास, तू असा बदलू नकोस. मी किती दिवस लिहू शकेन ठाऊक नाही, पण जोवर लिहीन तोवर तुझा हात समासात हवा.

सवयीने शेवटी मोठ्यांना नमस्कार लिहायला गेले आणि थांबले. आपल्यावर आता मोठं कोणी उरलेलं नाही, म्हणून नमस्कार कोणालाच लिहीत नाही. हे मी आठवून लिहिलं आहे. बरोबर आहे का, तेवढं उलट टपाली कळव.

तुझी,
ताई