दादाने जिंकलेलं माझं राज्य

मलकपेठ, रविवार संध्याकाळ, जून २०१४

दादाचं तोंड बघायची इच्छा नाही. बंदुकांचे गेम मला बाष्कळ वाटतात, गाड्यांचे दोन दिवसांत विटतात. हा राज्य चालवायचा गेम आवडला, कारण तो लाड करत नाही. नदीपलीकडचं गाव तर कितीही धान्य पाठवा, बंडच करायचं.

दुपारी मी दिलसुखनगरला गेले, तेवढ्यात दादाने लेव्हल सोपी करून गेम जिंकला आणि माझ्याच खेळावर सेव्ह केला. हौला कुठला! वर म्हणतो, “बाहेर याच महिन्यात खरंखुरं नवं राज्य झालं, तूही गेममध्ये नवं मांड की!” इतकं सोपं असतं?

आत्ता उघडून पाहिलं. नदीपलीकडचं गावसुद्धा नाचतंय. हरामखोर. माझ्या राज्यात एकदाही हसलं नव्हतं.