सहा रोपं आणि चिमूटभर जवळा

आये,

काल लॅबमध्ये माझा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, समोसे, सगळं रीतसर. आणि आमच्या आता म्हाताऱ्या झालेल्या मॅडमनी भाषणात परत तीच गोष्ट सांगितली, "हिच्या आईने माश्या खाणाऱ्या झाडाला जवळा भरवला होता!" तीस वर्षं त्या येईल त्या पाहुण्याला हे सांगतायत आणि तीस वर्षं लोक पोट धरून हसतायत. मीही हसते. कालसुद्धा हसले. घरी आले, शाल खुर्चीवर टाकली आणि चहासुद्धा न ठेवता लिहायला बसले.

तुला ती लॅब कधी नीट कळलीच नाही. चूक माझी, मी सांगितलं कुठे? वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात काचेच्या बाटल्यांतून रोपं वाढवायचे, मातीत नाही, जेलीत. एवढ्याशा तुकड्यापासून शंभर रोपं, सगळी अगदी सारखी. ऑर्किड असायची, जरबेरा असायचा, आणि नव्वदीच्या सुरुवातीला परदेशातून ते झाड आलं: पानाच्या टोकाला दोन झडपा, कडेला दात, आत काही वळवळलं की झडपा मिटणार. बारावी सायन्स होऊन मी तिथे बाटल्या धुवायचे. मॅडमना ही झाडं फ्लॅटवाल्या लोकांना विकायची होती, पण साध्या घरात, खिडकीत ती जगतात का हे बघायचं होतं. मला म्हणाल्या, "सहा घेऊन जा. महिनाभर जगव, मग बाटल्या सोड आणि रोपांच्या टेबलावर बस." आणि वर हसून, "तुमच्याकडे माश्यांना काय तोटा!" सगळे हसले. माझे कान तापले. तू कोपरीच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायचीस हे सगळ्यांना माहीत होतं, आणि मी रोज बसमध्ये चढण्याआधी स्वतःची वेणी हुंगून बघायचे, हे कुणालाच माहीत नव्हतं.

बाटलीतलं रोप म्हणजे पेटीत ठेवलेलं अपुऱ्या दिवसांचं मूल. त्याला बाहेरची हवा बेताबेतानेच दाखवायची. आधी मुळांची जेली धुवून काढायची, मग शेवाळात लावायचं, वर प्लास्टिकची पिशवी, ती रोज थोडी थोडी उघडायची. पाणी नळाचं नाही, बॅटरीत घालतात ते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत सहा कुंड्या मांडते आहे आणि तू कमरेवर हात ठेवून बघते आहेस.

"ही काय खातान गो?"

"माश्या, मुंग्या. पण आत्ता काही नाही. हात लावू नकोस."

"लहान पोरांना उपाशी ठेवतान काय? तुझी मॅडम लय शिकलेली दिसतंय!"

आपल्या घरात कुणी उपाशी असताना तू कधी घास तोंडात घातला नाहीस. मांजराला डोकी, कावळ्याला कल्ले, शेजारच्या आजारी म्हातारीला वाटीभर कालवण, आणि मग तू. हे मला माहीत होतं. तरी मी दोन दिवस मावशीकडे मोहन्याला गेले, तेव्हा कुंड्यांच्या पिशव्या काढू नकोस एवढंच सांगून गेले.

परत येते तर तू दारातच, तोंडभर हसू. "घास घेतला त्यांनी! तिघांची तोंडं मोठी होती, त्यांना दिला. सुका जवळा नखानी बारीक केला, आनि बघ, कसा गपकन मिटला!" तुझ्या आवाजात अशी खुशी मी माझ्या बारावीच्या निकालालाही ऐकली नव्हती. मी पिशव्या परत नीट बसवल्या. चार दिवसांनी एक रोप काळं पडलं, मग दुसरं, आणि आठवडा सरता सरता सहाही लोळागोळा. त्या संध्याकाळी तू बाजारातून येऊन पाटी मोरीत ठेवत होतीस आणि मी बोलले. काय बोलले ते तुलाही शेवटपर्यंत आठवत असणार. "तुझ्या त्या घाणीने मारली माझी झाडं. सगळं आयुष्य घाण केलंस माझं." घाण हा शब्द आपल्याला गल्लीतल्या लोकांनी दिलेला होता, आये. मी तो उचलून घरात आणला.

तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. बाजारात चार आण्यांसाठी गिऱ्हाइकाची सात पिढ्यांची आठवण काढणारी तू, खाली मान घालून पाटी धुवत राहिलीस. दुसऱ्या दिवशी दुपारी वागळेच्या त्या गाळ्याच्या दारात तू उभी. लग्नाकार्यातलं हिरवं लुगडं, डोक्यात अबोलीचा गजरा, हातात काही नाही. दोन बस बदलून, रस्ता विचारत विचारत आलेली. मॅडमसमोर हात जोडून म्हणालीस, "बाई, माझी चूक हाय, पोरीची नाय. मीच खाऊ घातलं. तिला कामावरनं काढू नका." मॅडम आधी बघतच राहिल्या, मग हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पण हसता हसता मला आणखी सहा रोपं दिली. ती जगली. त्याच रोपांवर मी टेबलापर्यंत पोचले, पुढे सगळा विभाग सांभाळला, डोंबिवलीत हे घर घेतलं.

तुला बसस्टॉपवर सोडायला आले होते. तू बसच्या वाटेकडे बघत होतीस. मग विचारलंस, "मी तर तिघांनाच घातला. बाकीची तीन कशानी गेली गो?"

मी म्हटलं, "लागण झाली. एकाची दुसऱ्याला."

तू मान हलवलीस. "असंल. नासका मासा पाटीन ठेवला तर दुसरे पन नासतान." आणि बस आली.

त्या दिवसापासून तू पाटी घरात आणली नाहीस. बाहेर, नळाजवळ उलटी घालून ठेवायचीस, तिथेच हातपाय धुवायचीस, लुगडं बदलायचीस आणि मग उंबरा ओलांडायचीस. पावसाळ्यातसुद्धा. मी एकदाही म्हटलं नाही की आये, आण ना आत. शेवटच्या आजारात दवाखान्यात तू माझा हात नाकाशी नेलास आणि म्हणालीस, "साबनाचा वास येतो. बरं झालं." ते तू कौतुकाने म्हणालीस. मला तेव्हाच रडू यायला हवं होतं. ते आज येतंय, समोसे खाऊन.

आता ऐक. तू आलीस त्याच दिवशी सकाळी मी त्या सहा कुंड्या लॅबच्या मोरीत उलट्या केल्या होत्या. सहाही रोपांच्या मुळांना जेली तशीच चिकटलेली, तिच्यावर पांढरी बुरशी. त्या जेलीत साखर असते, राहिली की मूळ सडतं. लावताना मी ती नीट धुतलीच नव्हती. तो गिळगिळीत स्पर्श मला सहन होत नव्हता, माशाचं पोट साफ करताना व्हायचा तसा. तू मला लहानपणापासून ओरडायचीस, "आतनं धू गो, वरवर धुतलेला मासा रातभर टिकत नाय." मी वरवरच धुतली. तुझ्या चिमूटभर जवळ्याने तीन तोंडं काळी पडली असतील फार तर. रोपं मी मारली. तू मॅडमसमोर हात जोडून उभी होतीस तेव्हा मला हे माहीत होतं, आणि बसस्टॉपवरही.

लागण झाली नव्हती, आये.

तुला वाचता येत नव्हतं. म्हणजे तू असतीस तरी हे पत्र मलाच, तुझ्यासमोर बसून, तुला वाचून दाखवावं लागलं असतं. तू गेल्यावर पंचवीस वर्षांनी ते लिहिलं, ते त्यामुळेच.